बटणावरची पट्टी

जगात पुस्तक वाचून शिकता येत नाही असं फार थोडं आहे, आणि जे आहे ते शिकायच्या लायकीचं नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणते, कारण ते मत आता आमच्या बाबांच्या कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी पडलंय आणि बाहेर निघत नाही.

मी मुद्रितं तपासते. प्रकाशनसंस्थेत माझ्या टेबलावरून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली तर वाचकाला चष्म्याचा नंबर तपासायला सांगतात! तेव्हा एका जुन्या यंत्रात दुसरी सिस्टिम घालणं मला अवघड का वाटावं? माहितीपुस्तिका होती. पेन्सिल होती. रजा होती. योजना तर इतकी देखणी होती की ती फसल्याचं मला यंत्रापेक्षा जास्त वाईट वाटलं.

योजना का लागली, ते आधी सांगते.

बाबा गेले तेव्हा त्यांचा एक डाव चालू होता. पत्त्यांचा, कॉम्प्युटरवरचा पेशन्स. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांच्या तागड्या तपासण्यात गेला, त्यामुळे खेळातही त्यांचा हिशेब चोख. चाल मागे घ्यायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. "तागडीत पडलं ते पडलं," म्हणायचे. खेळ आपणहून चाल सुचवतो, तेही बटण नाही. "सुचवायला ही बसलीय ना शेजारी!" आणि आई बसलेली असायचीच. दुपारच्या चहानंतर माउस बाबांच्या हातात आणि बोट आईचं. ती बोट दाखवायची, ते "थांब गं, दिसतंय मला" म्हणायचे, आणि मग तिने दाखवलेलाच पत्ता हलवायचे.

त्या दुपारी डाव अर्धा झाल्यावर ते "जरा पडतो" म्हणून आत गेले. ते उठलेच नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस त्या खोलीत कोणी गेलं नाही. गेलो तेव्हा कळलं की कॉम्प्युटर बंद नव्हता, नुसता झोपला होता. आईने एक कळ दाबली आणि डाव जसाच्या तसा समोर आला. तिने तो पुढे खेळला नाही आणि संपवलाही नाही. औषधांच्या डब्यातून खरचटल्यावर लावायची चिकटपट्टी आणली आणि यंत्राच्या बटणावर लावून टाकली. कोणाचा चुकून हात लागायला नको. तेव्हापासून रोज दुपारी चहाचा कप घेऊन ती त्या डावासमोर बसते. माउसला हात लावत नाही. चहा संपला की उठते, आणि यंत्र आपलं आपण झोपी जातं.

हे असंच चाललं असतं. पण यंत्र मध्येच 'सुधारणा आल्या आहेत, आता बंद करून चालू करू का?' असं विचारायला लागलं. रोज! आईने त्याला एकदाच उत्तर दिलं. इंटरनेटची वायर उपटली.

आईचा फोन बटणांचा. तिचा चेहरा मला दिसायचा तो याच कॉम्प्युटरवरून, तोही बंद झाला. उरला आवाज. "मी बरी आहे." आता मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या चुका शोधते, पण नुसत्या आवाजातली चूक मला सापडत नाही. या वेळी रजा घेऊन आले आणि तिने दार उघडलं, तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या मनगटावरची घड्याळाची ढिली साखळी दिसली. ती पार कोपरापर्यंत घसरत होती.

"आई, नवा कॉम्प्युटर घेऊ. बोलायला वेगळा."

"ठेवायचा कुठे? आणि ह्याला काय वाटेल?"

"कॉम्प्युटरला?"

"तू उगाच शब्दात पकडू नकोस."

म्हणून योजना! यंत्राची एक साधी झोप असते, ती विजेवर चालते. दुसरी गाढ झोप. तिच्यात जाण्याआधी यंत्र डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं, मग वीज काढली तरी बिघडत नाही. मी बाबांची सिस्टिम डावासकट गाढ झोपवणार. डिस्कवर तिच्या शेजारी थोडी जागा करून तिथे नवी, हलकीफुलकी सिस्टिम बसवणार. बोलायचं असेल तेव्हा आई नवी उघडेल, डाव बघायचा असेल तेव्हा जुनीला उठवेल. एका घरात दोन बिऱ्हाडं, भांडण नाही!

"डावाला काही होणार नाही ना?" आईने विचारलं.

"आई, ह्याला मुंगी चावल्याइतकंसुद्धा कळणार नाही."

"सगळं कर, पण त्या पत्त्यांना हात लावू नकोस."

एवढं बजावून ती वरच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर डोळे तपासायला गेली.

मी पुस्तिका दोनदा वाचली. पेन्सिल हातात होतीच. व्याकरणाच्या चुका तर इतक्या निघाल्या की छापणाऱ्याला पत्र पाठवायचा मोह झाला. डावाला गाढ झोपवलं. बटणावरची पट्टी अलगद सोलून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली. पेनड्राइव्ह खोचला. मध्येच एक चौकट आली: 'जुनी सिस्टिम पूर्ण बंद केलेली दिसत नाही. पुढे गेल्यास न साठवलेलं काम जाऊ शकतं.' आता आमच्या धंद्यात 'जाऊ शकतं' असं लिहिणाऱ्या लेखकाला स्वतःचीच खात्री नसते. मी 'पुढे' दाबलं.

रेघ हळूहळू भरत गेली. 'अभिनंदन' आलं. यंत्र बंद होऊन चालू झालं.

आणि काळा पडदा! वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. बाकी सगळं अमावास्येच्या विहिरीसारखं. बटण पुन्हा दाबलं. तीच विहीर, तीच रेघ. जुनं बिऱ्हाड नाही, नवं नाही. आख्खी इमारतच गायब!

मी धाकट्याला फोन लावला. माझा धाकटा भाऊ लांबच्या शहरात एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. तो तिथे हॉटेलांची आणि विमानांची बुकिंग करतो, पण कंपनीच्या नावात कॉम्प्युटर असल्यामुळे आमच्या घरात त्याला तज्ज्ञाचा मान आहे.

"ताई, मी मीटिंगमध्ये आहे," तो कुजबुजला.

"डाव गेला बहुतेक," मीही कुजबुजले. का, ते माहीत नाही. घर रिकामं होतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. दार.

"कुठला डाव? *तो* डाव?"

"गेला म्हणजे, दिसत नाहीये. पडदा काळा आहे."

"तू त्याला हात कशाला लावलास?"

"मी शेजारी दुसरी सिस्टिम बसवत होते."

"शेजारी! ताई, तुला शेजारी काय करायचंय ते... बरं. आईला कळलंय?"

"ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीय."

"ताई, सुरू करण्याआधी पडद्याचा फोटो काढला होतास ना? फोनवर? पत्ते कुठे कुठे होते त्याचा?"

मी माझ्या फोनकडे पाहिलं. त्यात पुस्तिकेतल्या चुकांचे फोटो होते. सगळ्या पानांचे.

"ताई?"

"नाही काढला."

तेवढ्यात जिन्यात आवाज आले आणि मी फोन पदराखाली लपवला. म्हणजे पदर नव्हता; कुर्त्याच्या खिशात कोंबला. आई आली होती. बरोबर वरच्या काकूंचे यजमान, डॉक्टरकाका. डॉक्टरकाका निवृत्त दंतवैद्य, बाबांचे मित्र आणि कानाने कमी. त्यामुळे ते बोलतात ते रस्त्यापलीकडच्यांनाही कळतं.

"डोळ्यांत थेंब घातलेत हिच्या!" ते ओरडले. "संध्याकाळपर्यंत धड दिसायचं नाही! जिन्यात पडायला नको म्हणून सोडायला आलो!"

आईने चष्मा कपाळावर सारला होता. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. ती चाचपडत आली आणि थेट कॉम्प्युटरसमोरच्या तिच्या खुर्चीत बसली. बाबांच्या खुर्चीत नाही, शेजारच्या.

"झालं तुझं काम?"

"होत आलं."

"डाव आहे ना?"

मी आयुष्यभर छापील खोट्याशी झगडत आले. तोंडी खोट्याचा मला सराव नाही.

"आहे ना!"

आई पडद्याकडे बघत राहिली. "मला सगळं काळं दिसतंय."

"थेंबांमुळे!" मी म्हणाले.

"हो का," आई म्हणाली. "फारच जालीम थेंब आहेत. खिडकी दिसतेय, तू दिसतेयस. तेवढंच काळं."

डॉक्टरकाकांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांच्या हिशेबाने अगदी हळू आवाजात विचारलं, "हे मेलंय का?"

इमारतीतली कबुतरं उडाली.

"काही नाही काका, जरा अडकलंय. आई, तू आत पड ना थोडी."

"मी पडणार नाही," आई म्हणाली. "चहा टाकते." आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली.

मग आम्ही तिघं कामाला लागलो. मी, डॉक्टरकाका आणि माझ्या खिशातला धाकटा.

"ताई, चालू होताना कळ दाबून धर, मेनू येईल," खिसा कुजबुजला.

"कुठली कळ?"

"यंत्रायंत्रावर असतं. वरच्या ओळीतली एकेक दाबून बघ."

"काय म्हणतोय तो?" डॉक्टरकाका गरजले.

"एकेक दाबून बघायला सांगतोय."

"बरोबर! मीही तसंच करायचो. ज्याच्यावर पेशंट ओरडला तो दात!"

मी एकेक दाबत गेले. कोणी ओरडलं नाही. डॉक्टरकाका तोवर वर जाऊन त्यांची जुनी पेटी घेऊन आले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी यंत्राची एक बाजू उघडलीसुद्धा! कपाळाला विजेरी, हातात लांब दांडीचा चिमुकला आरसा. आत बाबांच्या काळापासूनची धूळ मऊ पिसासारखी बसली होती. काकांनी रबरी फुग्याने फुस्स करून ती उडवली. सगळी माझ्या तोंडावर आली.

"किती दुर्लक्ष!" ते शिंकत म्हणाले. "आणि ही बघ, ही किडलीय!"

"काय किडलंय?"

"ही!" त्यांच्या चिमट्यात रुपयाएवढी गोल चकती होती. काढून झाली होती.

"काका, ती बॅटरी आहे!"

"हिरवी पडलीय कडेला. मी असतो तर ठेवली नसती."

खिशातून धाकट्याचा आवाज एकदम मोठा झाला. मीटिंगची भीती सुटली असावी. "काय काढलं त्यांनी? ताई, काय काढलं?"

"छोटी बॅटरी."

"देवा! परत लाव! आता सगळी सेटिंग पुसली जातील!"

लावली. चालू केलं. आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच पडद्यावर काहीतरी उमटलं! बॅटरी काढल्यामुळे यंत्राला स्वतःबद्दलचं सगळं विसरायला झालं होतं, कुठून सुरू व्हायचं तेही, आणि ते आता भोळेपणाने मलाच विचारत होतं. शिवाय त्याला तारीखही आठवत नव्हती. कोपऱ्यात त्याच्या मनाने एक तारीख टाकली होती, कितीतरी वर्षांपूर्वीची. त्या तारखेला मी कॉलेजात होते. धाकट्याला मिसरूड फुटत होतं. बाबा नोकरीत होते आणि कुठल्यातरी दुकानात वाकून तागडीचा काटा बघत असतील.

"ताई, आधी तारीख नीट कर," धाकटा म्हणाला.

मी बाण वर-खाली करत बसले. आजची तारीख घालायला बराच वेळ लागतो. एकेक वर्ष पुढे जावं लागतं.

मागे चहाचा ट्रे ठेवल्याचा आवाज आला. आई कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. बाहुल्या अजून मोठ्याच होत्या.

"काय करतेयस?"

"तारीख चुकलीय, ती दुरुस्त करते."

"कुठली आहे?"

मी सांगितली.

"राहू दे ना तीच," आई म्हणाली.

डॉक्टरकाकांनी कपाळावरची विजेरी विझवली. मी तारीख तशीच ठेवली आणि पुढे गेले.

धाकट्याने सांगितल्याप्रमाणे डिस्क निवडली, आणि विहिरीच्या तळाशी उजेड पडावा तशी दोन ओळींची यादी आली. वर नवी सिस्टिम. खाली जुनी. म्हणजे बिऱ्हाडं शाबूत होती! डॉक्टरकाकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझाच एखादा दात हलला असता.

"जुनी उघड," आई म्हणाली आणि तिच्या खुर्चीत बसली.

मी जुनी निवडली. वर्तुळ फिरू लागलं. खिसा श्वास रोखून होता. वर्तुळ फिरलं, थांबलं, आणि एक वाक्य आलं. मी ते वाचलं. चूक एकही नव्हती. 'मागील स्थिती पुन्हा उघडता आली नाही. नव्याने सुरू करत आहोत.'

पडदा उजळला. बाबांनी लावलेलं डोंगराचं चित्र आलं. पत्त्यांचं चिन्ह आलं. डाव नव्हता.

मी चिन्ह दाबलं. उगाच, कदाचित म्हणून. खेळ उघडला आणि त्याने खुळखुळ करत ताजे पत्ते वाटले, एखाद्या निर्लज्ज पाहुण्यासारखे.

"ताई? काय झालं? ताई?"

डॉक्टरकाका त्यांचा छोटा आरसा रुमालाने पुसत बसले. आधीच स्वच्छ होता.

"आई," मी म्हणाले, "गेला."

"माहीत आहे."

"तुला दिसतंय?"

"मी आले तेव्हाच कळलं. ह्याचा पंखा झोपेतसुद्धा बारीक घरघरतो. दुपारी मी आले तेव्हा ते घरघरत नव्हतं, धापा टाकत होतं. आणि थेंब डोळ्यांत घातले होते, डोक्यात नाही. म्हणे थेंबांमुळे!"

रडणं बरं दिसलं असतं, पण तोंडावर धुळीचा असा थर होता की चिखल झाला असता.

आई उठली. बाबांच्या कपाटाच्या खणातून खऱ्या पत्त्यांचा जोड आणला, कडा मऊ झालेला. चहाचे कप बाजूला सारले आणि टेबलावर पत्ते मांडायला लागली. पत्ता डोळ्यांजवळ नेऊन निरखायची, मग ठेवायची. सात रांगा. काही उपडे, काही उघडे. मध्ये जराही थांबली नाही. आम्ही फोटो काढायला विसरलो होतो. तिला गरज नव्हती.

"हा असा होता," ती म्हणाली.

धाकटा खिशातून ओरडला, "काय असा होता? मला कोणी सांगेल का?"

"आईने डाव मांडलाय. पाठ होता तिला."

"मग खेळ म्हणावं पुढे! आई, खेळ ना!"

"काय खेळू?" आई म्हणाली. "अडकलाय हा." तिचं बोट एका रांगेवर टेकलं. "ही बदामाची दश्शी. हिला हलवायला काळा गुलाम हवा. दोन्ही काळे गुलाम ना वर दिसतात, ना गड्डीत. उपडे पत्ते उरलेत ते फक्त हिच्याच खाली, म्हणजे दोघंही तिथेच. बदामाच्या एक्क्यावर क्रमाने चढवायची तर आधी बदामाची तिर्री हवी, तीही तिथेच. संपलं."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्यांदा बघायला बसले त्याच दिवशी."

"आणि तरी तू रोज..."

"मग? कळलं म्हणून काय बंद करायचा?"

तिने दश्शीची कड बोटाने सरळ केली.

"त्यांनाही कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणाले, जरा पडतो. हरायला आले की त्यांना नेहमी झोप यायची. मी म्हटलंही, पळा आता, पळा."

डॉक्टरकाका इतक्या वेळात पहिल्यांदा खरोखर हळू बोलले. "माझ्याशी बुद्धिबळ खेळतानाही यायची. हमखास."

मग आई हसली. बाबा गेल्यानंतर मी ते पाहिलं नव्हतं, आणि फोनवरून ते ऐकूही आलं नसतं. हसता हसता तिने चष्मा खाली घेतला, डोळे पुसले. म्हणाली, थेंब आहेत. या वेळी मी विश्वास ठेवला.

डॉक्टरकाका गेले. धाकटा मीटिंगला परत गेला. ती संपली होती. आईने टेबलावरचे पत्ते स्वतःच्या हाताने गोळा केले, दश्शी सगळ्यांत शेवटी, आणि पिसले. पुन्हा वाटले. मला बाबांच्या खुर्चीकडे खूण केली.

मी खेळले. ती बोट दाखवायची, मी "थांब गं, दिसतंय मला" म्हणायचे. बाहेर दिवे लागले. रांगा हलेनाशा झाल्या. गड्डी फिरवून फिरवून तेच पत्ते यायला लागले, आणि दिवसभराचा शीण एकदम पापण्यांवर आला.

"आई, मी जरा पडते."

"खबरदार!" आई म्हणाली. "डाव पुरा हरायचा आणि मग उठायचं."

हरले आणि उठले.

सकाळी नवी सिस्टिम सुरू केली, वायर जोडली आणि धाकट्याला आईचा चेहरा दाखवला. सगळं उत्तम चालतं. बटणावरची पट्टी मात्र टेबलाच्या कडेवर दिसेना. आईने परत बटणावर लावली असेल म्हणून पाहिलं, तिथेही नव्हती.

परतीच्या प्रवासात पर्स उघडली तेव्हा सापडली. माझ्या पेनड्राइव्हच्या तोंडावर, दोन वेढे देऊन, घट्ट!